परळला येणारी मुलं

मी बँकेतला माणूस, त्यामुळे आधी हिशेब. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार साधारण २-३ वर्षं चालतात. बरीच मुलं बरी होतात, पण उपचार पुरे झाले तर! बिहार-बंगालहून परळच्या टाटा हॉस्पिटलात आलेला बाप मजुरी सोडून इतके दिवस राहणार कुठे? दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, २००६ पासून सेंट ज्यूडची मोफत निवासकेंद्रं आहेत. तरी फुटपाथवर बिऱ्हाडं दिसतातच.

अशाच एका धर्मशाळेत मी दर गुरुवारी पत्ते घेऊन जातो. डोक्यावर केस न उरलेला ८ वर्षांचा एक पोरगा भिकार-सावकारात मला धुऊन काढतो. "बँकवाले दादाजी भिखारी!" असं ओरडतो, आणि त्याची आई तोंडाला पदर लावून हसते. इथं आल्यापासून ती हसलेली पहिल्यांदाच पाहिली, असं शेजारची बाई म्हणाली.

कुणाला यायचं असेल तर जरूर या. मात्र सर्दी-खोकला असताना नको, या मुलांना संसर्ग पटकन होतो. वडे-मिठाईही नको. "काय झालंय?" हे तर विचारूच नका. आणि तरुण मंडळी, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस टिकतात, सारख्या लागतात. वही बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे, नाव आणि रक्तगट लिहून जा.