वेढ्यातील टांकसाळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मल्लेश्वरम येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी मी चांदीविषयी बोलणार आहे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ही चांदी समारंभातली नव्हे, संकटातली आहे. शत्रूचा वेढा पडून रोकड सरली, म्हणजे घरातील भांडीकुंडी मोडून नाणी पाडावयाची, हा प्रकार जगाच्या इतिहासात अनेकदा घडला आहे. इंग्लंडमधील यादवी युद्धात, १६४५-४६ साली, न्यूअर्क या वेढलेल्या गावातील राजपक्षाच्या शिबंदीने चांदीची ताटे कापून शंकरपाळ्याच्या आकाराची नाणी पाडली. त्यांतील काहींवर मूळ ताटाच्या नक्षीच्या खुणा आजही दिसतात. हॉलंडमधील लायडन शहराने तर १५७४ च्या वेढ्यात चर्चमधील ग्रंथांच्या पानांपासून कागदी नाणी केली, आणि तीही चालली.

आपल्या इतिहासातील असा प्रसंग पानिपतचा. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा त्यांच्या फौजेला पैशाची विलक्षण ओढ होती. दक्षिणेतून द्रव्य येईना, उत्तरेतील वसुली होईना. अखेर लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे रुपेरी छत उतरवून ते टांकसाळीत घालावे लागले. त्यातून सुमारे नऊ लाख रुपये निघाले. पण एवढ्या मोठ्या फौजेला ते जेमतेम महिनाभर पुरले. बादशाही वैभवाचा असा भंग केल्याबद्दल भाऊंना पुष्कळ दोष दिला गेला आहे. परंतु पगार थकलेल्या शिपायापुढे उभे राहण्याचा प्रसंग ज्याच्यावर येतो, त्याची अडचण दुरून कळत नाही.

पुढे ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा हस्तगत झाल्याने धान्य व द्रव्य मिळाले. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली, आणि दिल्लीचा मार्ग तुटला. नोव्हेंबरपासून आपली छावणी पानिपतला अडकून पडली. शिपायांबरोबर बायकामुले, यात्रेकरू, बाजारबुणगे असा मोठा समुदाय होता. या छावणीतच टांकसाळ घातली गेली. अंगावरचे दागिने आणि घरोघरची सोन्यारुप्याची भांडी वितळवून नाणी पाडली, असे बखरीत वर्णन आहे. त्या मुशीत काय काय गेले असेल! कुणाच्या लेकीसाठी राखलेला दागिना, कुणाच्या देव्हाऱ्यातले निरांजन.

आता मूळ प्रश्न. लायडनमध्ये कागद चालला, मग पानिपतला चांदी का चालली नाही? नाणे धातूचे असले, तरी ते चालते पतीवर. लायडनच्या लोकांचा भरवसा बाहेरून येणाऱ्या मदतीवर होता, आणि ती मदत ३ ऑक्टोबर १५७४ रोजी आली. पानिपतच्या छावणीत नाणी पाडता आली, पण त्या नाण्याने विकत घ्यावयाचे धान्य वेढ्याबाहेर होते. पतियाळाचे आलासिंग धान्य पाठवीत, ती वाटही अब्दालीने बंद केली. अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. दिल्लीहून नारोशंकरांनी कमरेला रुपये बांधून पाठविलेले स्वार जानेवारीत रात्री वाट चुकून शत्रूच्या गोटात शिरले. रुपया होता, दाणा नव्हता. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असा निर्धार करून १४ जानेवारी १७६१ रोजी फौज बाहेर पडली.

अब्दालीसुद्धा त्या भूमीत परकाच होता. पण त्याच्या पाठीशी नजीबखान होता, त्याचा मुलूख होता, तेथून धान्य येत होते. आपल्याकडील सूरजमल जाट मात्र दिल्लीहूनच निघून गेला होता, आणि राजपूत राजे अलिप्त राहिले. चांदीची उणीव वितळवून भरून काढता येते. शेजाऱ्याच्या सद्भावाची उणीव कोणत्या टांकसाळीत भरून निघणार?

पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना मिळाली, तीही नाण्यांच्याच सांकेतिक भाषेत, एका सावकारी पत्रातून. विश्वासराव आणि भाऊ ही दोन मोती, सरदार त्या मोहरा, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा त्याचा आशय. तो खुर्दा म्हणजे नाव मागे न राहिलेली तुमच्याआमच्यासारखी सामान्य माणसे.

बंधुभगिनींनो, आपणही घरापासून दूर आहोत, सुदैवाने वेढ्यात नाही. याच मल्लेश्वरममधील काडु मल्लेश्वराच्या देवस्थानास व्यंकोजीराजांनी १६६९ साली गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. परमुलखात आलेल्या मराठी माणसाने येथील देवापुढे ठेवलेली ती ठेव होय. आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत निधी जमवला, भांडी घेतली, ग्रंथालय उभारले. या सर्वांचा हिशेब आपले खजिनदार चोख ठेवतात. पण कन्नड शेजाऱ्यांशी जोडलेला जिव्हाळा कोणत्याही वहीत मांडलेला नसतो. मराठी भाषेत ‘पत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : बाजारातील विश्वास आणि समाजातील मान. पुढील पन्नास वर्षांत ही दुहेरी पत वाढो, एवढी सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.