चाकाचा नट
(साक्षरता वर्गात एका मोटारचालकाने केलेले भाषण)



गुरुजी म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षे गाडी चालवलीत. वर्गाला काही कामाचे सांगा." मी काही भाषण करणारा माणूस नव्हे. पण चाकाच्या नटाने मला एक धडा शिकवला. तोच सांगतो.

आमच्या मालकांनी जीपला रुंद चाके घेतली. ती आतल्या बाजूला घासू लागली. म्हणून हब आणि चाक यांच्यामध्ये धातूच्या जाड चकत्या घातल्या. त्यांना स्पेसर म्हणतात. चकतीमुळे चाक तेवढे बाहेर येते. कोल्हापुरात हे काम झाले. दुसऱ्या दिवशी मालकांची आई आणि दोन नातवंडे यांना घेऊन मी रत्नागिरीला निघालो.

आंबा घाट उतरताना स्टेअरिंग थरथरू लागले. पुढच्या डाव्या चाकातून टकटक ऐकू आली. गाडी कडेला घेतली. पाहतो तो काय! पाचांपैकी दोन नट गळून पडलेले. बाकीचे बोटाने फिरत होते. शेजारी दरी! मला दरदरून घाम फुटला.

असे का झाले? नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो. त्या ताणाने चाक हबावर दाबून धरले जाते. हा दाब गेला की चाक हलते. मग नट सुटतात, स्टड तुटतात.

आमची चकती नुसती स्टडवर सरकवलेली होती. तिने स्टडची लांबी खाल्ली. नटाला जेमतेम चार फेरे मिळाले. स्टड जितका जाड, निदान तितक्या लांबीचे आटे नटात गेले पाहिजेत. स्टड १२ मिलिमीटरचा आणि आटे दीड मिलिमीटरचे असले, तर नट पुरते ८ फेरे फिरायला हवा. कमी फिरला, तर ती चकती नको.

दुसऱ्या जातीच्या चकतीला स्वतःचे स्टड असतात. ती आधी हबाला आवळतात, मग तिच्यावर चाक चढवतात. तिथे नटांच्या दोन्ही फळ्या सांभाळाव्या लागतात. हबाचे जुने स्टड चकतीच्या वर डोकावले, तर चाक सपाट बसत नाही.

आता रीत ऐका. गाडी सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. हबावरचा गंज आणि माती ब्रशाने काढा. माती राहिली, तर ती पुढे दबते आणि नट सैल होतात. आट्यांना तेल लावू नका. नटाची निमुळती बाजू असेल, तर ती चाकाकडे ठेवा. नट आधी हाताने फिरवा. मग एक सोडून एक, समोरासमोर आवळा. शेवटचा आवळ जॅक उतरवून, चाक जमिनीवर टेकल्यावर द्या.

किती आवळायचे? पान्यावर उभे राहून उड्या मारू नका. जास्त आवळले तरी स्टड तुटतो. गाडीच्या पुस्तकात आकडा असतो. समजा तो ९८ न्यूटन-मीटर आहे. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला १० किलो वजन टांगल्याइतका जोर. आकडा मोजून आवळणारा टॉर्क पाना मिळतो. तो वापरा.

चकत्या घालण्याआधी आर.टी.ओ.मध्ये चौकशी करा. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ गाडीच्या मूळ बनावटीत मनाला येईल तसा बदल करू देत नाही.

आता शेवटची गोष्ट. चकत्यांच्या खोक्यात एक चिठ्ठी होती. मी ती तशीच खणात टाकली होती. घरी आल्यावर मुलीने वाचून दाखवली. लिहिले होते, "५० ते १०० किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा तपासा." घाटाच्या आधी वाटेत चहाला थांबलो होतो. पाना गाडीतच होता. चिठ्ठीही गाडीतच होती. मला वाचता येत नव्हते.

दुसऱ्याच आठवड्यात मी या वर्गात नाव घातले. मंडळी, चाक बदलले की नट पुन्हा तपासा. आणि कागद हाती आला की तो वाचा.