कार्यक्रम संपल्यानंतरचा दिवस

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासमोर ग्रामीण युवक उपक्रमांविषयी केलेले भाषण)



आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कार्यक्रमांचा दुष्काळ कधीच नव्हता. पावसाने दगा दिला, पिके गेली, पण यात्रा भरली नाही असे वर्ष विरळाच. लातूरला महाशिवरात्रीस सिद्धेश्वराची यात्रा भरते. माहूरला दत्तजयंतीची गर्दी होते. नांदेडला दसरा-दिवाळीच्या आणि होळीच्या सुमारास शीख बांधवांचे हल्लाबोल निघतात व तरुण मुले गतका खेळतात. गावोगाव सप्ताह, उरूस, जयंत्या, गणेशोत्सव आहेतच. तेव्हा तरुणांसाठी आणखी एक कार्यक्रम कसा वाढवावा, हे सांगण्यासाठी मी उभा नाही. जे कार्यक्रम होतात, त्यांतून तरुणांच्या हाती काय उरते, हा आजचा प्रश्न आहे.

लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा घ्या. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला ती सुरू होते आणि दुसऱ्याच दिवशी आपली वेळ अमावस्या येते. एकीकडे शिवारात कडब्याची कोप, आंबील आणि भज्जी; दुसरीकडे माळेगावच्या माळावर घोडे, उंट, गाढवे व गुरे यांचा बाजार. नांदेड जिल्हा परिषद तेथे पशुप्रदर्शन, कृषी प्रदर्शन, कुस्त्यांची दंगल व लोककलांचे कार्यक्रम भरवते. लाल कंधारी आणि देवणी या आपल्या मातीतल्या दोन गोवंशांची उत्तम जनावरे तेथे पाहावयास मिळतात. ज्याने वासरू जपले, त्याला तेथे चारचौघांत मान मिळतो. आणि जो तरुण ते वासरू पाहून घरी जातो, तो पुढच्या वर्षाच्या तयारीस लागतो. यात्रा दोन-चार दिवसांची, पण तिची तयारी बारा महिन्यांची. चांगल्या उपक्रमाचे लक्षण हेच की, त्याच्या एका दिवसामागे वर्षभराचा अभ्यास उभा असतो.

कुस्तीचेही तसेच आहे. फडावर नारळाच्या कुस्तीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत जोडी लागते ती एका दुपारी, पण पैलवान घडतो तालमीच्या लाल मातीत, रोजच्या पहाटे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली लातूर येथेच झालेल्या अधिवेशनात महाराष्ट्र केसरी झाले. पुढे त्यांनी स्वतः मल्ल घडविले. लातूरचेच काका पवार यांना अर्जुन पुरस्कार मिळाला व त्यांनीही पुढची पिढी तयार केली. एका पैलवानामागे दुसरा उभा राहिला, कारण मध्ये वस्ताद आणि तालीम होती. ज्या गावात तालमीचे छप्पर पडले आहे आणि केवळ यात्रेची कुस्ती उरली आहे, त्या गावात इनाम बाहेरगावचे मल्ल घेऊन जातात व आपली मुले टाळ्या वाजवितात. इनामाची रक्कम वाढवून ही स्थिती बदलणार नाही. त्याच रकमेतून तालमीचे छप्पर मात्र घालता येईल.

हा विचार नवा नाही. निजामी राजवटीत गश्ती निशान त्रेपन्न या फर्मानाने सभा-संमेलनांवर निर्बंध घातले होते. उघड सभा घेणे अवघड, म्हणून राष्ट्रीय शाळा, वाचनालय, व्यायामशाळा आणि गणेशोत्सव यांतून तरुण एकत्र येऊ लागले. स्वामी रामानंद तीर्थ हे प्रथम शिक्षक होते. हिप्परगा व अंबाजोगाई येथील शाळांत त्यांनी विद्यार्थी घडविले आणि त्यांतूनच पुढे कार्यकर्ते निघाले. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक ताब्यात घेणारे, उदगीरजवळच्या हत्तीबेटाच्या परिसरात सशस्त्र लढा देणारे बहुतेक जण तरुणच होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्या तरुणांना कोणी प्रमाणपत्र वा स्मृतिचिन्ह दिले नव्हते. त्यांना जबाबदारी दिली गेली होती आणि त्यांच्यावर विश्वास टाकला गेला होता.

विश्वास टाकला म्हणजे तरुण काय करू शकतो, हे आपण नंतरही पाहिले आहे. २९ सप्टेंबर १९९३ ही अनंत चतुर्दशी. रात्री उशिरापर्यंत गणपती विसर्जन चालले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. मदतपथके पोहोचण्यापूर्वी ढिगारे उपसले ते वाचलेल्या गावकऱ्यांनी आणि शेजारच्या गावांतील तरुणांनी. त्यानंतर महाविद्यालयांचे विद्यार्थी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आले. मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्याची वेळ लातूरवर एप्रिल २०१६ मध्ये आली, तेव्हाच्या व त्यानंतरच्या उन्हाळ्यांत कित्येक गावांतील मुले-मुली टिकाव-फावडे घेऊन समपातळी चर खोदावयास गेली. संकटात आपण तरुणांना हाक मारतो आणि ते येतात. मग संकट नसते तेव्हा त्यांना केवळ खुर्च्या मांडावयास व मंडप बांधावयास का बोलवावे?

शासनाच्या योजनांकडे याच दृष्टीने पाहावे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी व एका सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी तिची रचना आहे. नेहरू युवक केंद्रे १९७२ पासून महाविद्यालयाबाहेरील ग्रामीण तरुणांसाठी काम करू लागली. २०२३ साली 'मेरा युवा भारत' ही नवी व्यवस्था आली. १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि आपल्या मुलांना युवक महोत्सवाचे मंच जवळ आले. यंत्रणा आहे. उणीव राहते ती आठव्या दिवसाची. सात दिवस शिबिरार्थी गावात राहतात, झाडे लावतात, नाली स्वच्छ करतात, समारोपाला भाषणे होतात. आठव्या दिवशी त्या झाडांना पाणी कोण घालणार, हे शिबिर सुरू होण्यापूर्वीच ठरले पाहिजे. ग्रामपंचायतीने गावातील पाच मुले व पाच मुली पहिल्या दिवसापासून शिबिरात सामील करून घ्याव्यात. पाहुणे गेल्यावर काम त्यांच्याकडे राहील.

आता एका अशा गोष्टीकडे लक्ष वेधतो, जी आपल्या सर्व छायाचित्रांत दिसते, पण अहवालांत येत नाही. युवकांच्या कार्यक्रमात मुली किती असतात? शाळेच्या संमेलनात त्या पुढे असतात; दहावीनंतर त्या दिसेनाशा होतात. पाहुण्यांचे स्वागतगीत एवढाच त्यांचा वाटा उरतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. महिला संघाच्या कर्णधार प्रियंका इंगळे या मूळच्या आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील. आपल्या नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव यांनी २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई पॅरा स्पर्धेत गोळाफेकीचे रौप्यपदक मिळविले आणि २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिक उद्घाटनात भारताचा ध्वज धरला. अशा मुली आपल्या गावांतही असतील. त्यांना मैदानापर्यंत येण्याची वाट मात्र आपण करावयाची आहे.

ही वाट फार साध्या गोष्टींवर अवलंबून असते. मुलीला एसटीचा मोफत पास मिळतो, पण सरावाची वेळ शेवटच्या गाडीनंतरची असेल, तर पासाचा उपयोग काय? मैदानाजवळ स्वच्छतागृह नसेल, दिवा नसेल, तर आई मुलीला पाठविणार नाही आणि त्यात आईचे काही चुकले असेही म्हणता येणार नाही. मैदानावर अगर वाचनालयात रोज येणारी मुलगी एकाएकी यावयाची थांबली, तर चार जणांच्या लक्षात येते. तिचे लग्न अठरा वर्षांच्या आत ठरत असेल, तर ते वेळीच कळते. बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी गावात ज्या अधिकाऱ्यांवर आहे, ते येथे बसले आहेत. त्यांना खो-खोचा संघ हा नोटिशीपेक्षाही अगोदर सावध करील.

मैदानाचे म्हणाल, तर त्याला मोठा निधी लागतो ही समजूत सोडावी. खो-खोचे मैदान २७ मीटर बाय १६ मीटर. कबड्डीचे पुरुषांसाठी १३ बाय १० आणि महिलांसाठी १२ बाय ८ मीटर. शाळेच्या आवारात हे सहज बसते. पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुले आज पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने धावतात. शेजारून भरधाव ट्रक जात असतात. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. दोनशे मीटरची गोल धावपट्टी आखली, तर तिला साधारण सव्वा एकर जागा पुरते. मुलांच्या आठ फेऱ्या, मुलींच्या चार. मुरूम पसरून रोलर फिरविला आणि चुन्याने रेषा आखल्या की काम झाले. हे काम एखाद्या तरुणाचा जीव वाचवील. भरतीत निवड थोड्यांचीच होते, हेही मुलांना स्पष्ट सांगावे. ज्यांची निवड होणार नाही, त्यांची वर्षे केवळ वाट पाहण्यात जाऊ नयेत, यासाठी त्याच मैदानावर त्यांना लहान मुलांचे मार्गदर्शक करावे.

मैदानाच्या जोडीला वाचनालय हवे. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि त्यातून गावोगाव ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले. परंतु कुलूपबंद कपाटातील ग्रंथ म्हणजे पेरणी न झालेले बियाणे. वाचनालयाची किल्ली एखाद्या विश्वासू तरुणाकडे द्या, संध्याकाळी दोन तास ते उघडे ठेवा, आठवड्यातून एकदा वाचलेल्या पुस्तकावर बोलावयास सांगा. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, देवणी-उदगीरकडे कानडी, बाजारात दखनी आणि शाळेत मराठी असे बोलणारी मुले आपल्याकडे आहेत. आजी-आजोबांच्या तोंडची गाणी, म्हणी व मुक्तिसंग्रामाच्या आठवणी त्यांनी वहीत उतरवून घेतल्या, तर पुढे कोणत्याही ग्रंथात न मिळणारे धन गावाच्या कपाटात जमा होईल.

पैशाचा प्रश्न येतोच. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावयाची असते. ही रक्कम वर्षाअखेरीस घाईने खरेदी करून संपविण्याऐवजी ती कशावर खर्च व्हावी, हे ज्यांच्यासाठी ती आहे त्यांनाच विचारावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतात. त्याआधी शाळेत बालसभा व गावात तरुणांची बैठक घ्या आणि त्यांचा ठराव ग्रामसभेत त्यांच्याच तोंडून मांडू द्या. अठराव्या वर्षी तो मत देतो, एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकतो. मधली तीन वर्षे त्याने हिशेब, ठराव व इतिवृत्त यांची ओळख करून घ्यावी. आपल्या खुर्चीवर उद्या कोण बसेल याची भीती बाळगू नये. कोणीतरी बसणारच आहे, ते शिकून बसलेले बरे.

मित्रहो, तरुण गाव सोडून पुण्या-मुंबईस जातात, ही तक्रार आपण सर्वच करतो. शिक्षणासाठी व रोजगारासाठी त्यांनी अवश्य जावे. कोणासही अडवून ठेवणे योग्य नव्हे. परंतु गावात आपले काही होते, आपल्या शब्दाला तेथे किंमत होती, असे ज्याला वाटते तो दूर गेला तरी गावाशी धागा राखतो. ज्याला गावाने केवळ प्रेक्षक म्हणून वागविले, त्याच्याकडे परत येण्याचे कारणच उरत नाही.

म्हणून प्रत्येक उपक्रमानंतर कार्यवाही पुस्तकात तीन ओळी लिहाव्यात, एवढीच माझी विनंती आहे. हा उपक्रम कोणी ठरविला? त्यात कोण आले नाही आणि का? दुसऱ्या दिवशी गावात काय चालू राहिले? पहिल्या ओळीत तरुणांची नावे यावीत, दुसरी ओळ वर्षागणिक लहान होत जावी आणि तिसरी ओळ कधीही कोरी राहू नये. हे जमले, तर पाहुणा कोण आला होता, हे लोक विसरले तरी चालेल.