मुंबईंतील नांवापुरतीं तळीं

भंडारा जिल्ह्यांतील मनुष्य मुंबईस निघाला म्हणजे शेजारीपाजारी त्यास राजाबाईचा टॉवर, राणीचा बाग आणि चौपाटी आवर्जून पाहण्यास सांगतात. पण ज्याचें बालपण तलावाच्या पाळीवर गेलें, त्याचे डोळे परमुलखांतहि पाणीच शोधतात. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर गाडींत बसलेला असा एखादा प्रवासी बोरीबंदरास उतरतो (बंदर तेथेंहि नाहीं, ही गोष्ट निराळी) आणि प्रथम धोबीतलावाचा रस्ता विचारतो. तलाव म्हटला कीं पाळ आली, पायऱ्या आल्या. धोबी नसले तरी निदान म्हशी असतीलच! लोक त्यास एका चव्हाट्यावर आणून सोडतात. समोर १९३८ सालीं उघडलेल्या मेट्रो चित्रपटगृहाची इमारत, चोहोंकडून मोटारी, आणि पाण्याचा थेंबहि नाहीं. फ्रामजी कावसजी या शेटजींनीं एके काळीं पदरचे पैसे घालून जो तलाव दुरुस्त केला, त्याच्या पोटावर आज शहर उभें आहे.

बरें, हा एक गेला असेल म्हणून तो पुढें जातो. कावसजी पटेलांचा तलाव आतां केवळ ‘सी. पी. टँक’ या नांवांत उरला आहे. गवळ्यांच्या गुरांना पाणी पाजणारा गोवालिया तलाव मैदान झाला. १९४२ च्या ऑगस्टांत ‘चले जाव’ची हांक त्याच मैदानावरून उठली. मुंबादेवीचा तलाव बुजला, आणि पायधुणीस पाय धुवावयास खाडीचें पाणी येत नाहीं. बसच्या पाट्या मात्र तळ्यांचीं नांवें बिनदिक्कत मिरवितात.

या तळ्यांना शत्रूनें बुजविलें नाहीं. १८६० सालीं विहारचें पाणी नळानें शहरांत आलें, १८७९ त तुळशीचें, १८९२ त तानशाचें. घरांत नळ आल्यावर तलावाची निगा कोण राखणार? पाणी सांचून कुजूं लागलें. १९११ सालीं डॉ. बेंटले यांनीं हिंवतापाचे डांस विहिरींत वाढतात असें दाखवून दिल्यावर विहिरींवरहि गदा आली. माणसें तापानें मरत होतीं; तेव्हां बुजविणारांस सरसकट दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. तरीपण विहीर झांकणें वेगळें आणि तिचा विसर पडणें वेगळें.

हें पाहतांना प्रवाशास आपला मुलूख आठवल्यावांचून राहत नाहीं. गोंड राजांच्या आश्रयानें कोहळी लोकांनीं तेथें गांवोगांव तलाव आणि बोड्या बांधल्या. धान पिकलें तें त्या पाण्यावर. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि ‘माजी मालगुजारी’चे लोकांच्या तोंडीं ‘मामा तलाव’ झाले. पूर्वीं पाळ फुटली तर सारा गांव धांवत असे. आतां अर्ज धांवतो. किती तरी तलावांत गाळ चढला, कडेनें नांगर आंत शिरला. मुंबईच्या तळ्यांवर निदान रस्ते तरी झाले. येथें तळें आटलें तर त्याखालचें धान करपतें.

सगळेंच बुजलें असें नाहीं. चर्चगेटजवळ १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आहे; समुद्र इतका जवळ असून पाणी गोड. पारशी बांधव ती पवित्र मानतात व आंत इतरांस प्रवेश नाहीं, म्हणून आमचा प्रवासी बाहेरूनच नमस्कार करितो. वाळकेश्वरास बाणगंगा आहे. रामानें बाण मारून ती काढली अशी कथा. देऊळ १७१५ च्या सुमारास रामा कामत यांनीं पुन्हां उभारलें. चारी अंगांनीं दगडी पायऱ्या, पाण्यांत बदकें, कांठावर श्राद्धाचे पिंड, आणि हाकेच्या अंतरावर खारा समुद्र. येथें तो पायरीवर बसतो, पाण्यांत हात घालतो, आणि शेजारच्या गुरुजींस विचारतो, “महाराज, गाळ केव्हां काढतां?”

राणीचा बाग राहिलेलाच असतो. परतीची गाडी संध्याकाळची. तोंवर तो तेथून उठत नाहीं.