पेटी पाठवण्याआधी बाईंना विचारू या

(पार्सिपनी, न्यू जर्सी येथील मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांचे पहिले शिक्षण पाटी-पेन्सिलीवर झाले. म्हणूनच गावच्या शाळेसाठी काही करावे असे सर्वांना वाटते. काही वर्षांपूर्वी आम्ही चार कुटुंबांनी रायगड जिल्ह्यातील एका शाळेला रंगीत पुस्तके व तक्ते यांची पेटी पाठवली. पुढे मी तिथे गेलो, तर पेटी कपाटात जशीच्या तशी! बाईंनी चहा दिला, आभार मानले, मग हळूच म्हणाल्या, "काका, यात बर्फाचा माणूस आहे, पिवळी बस आहे. आमच्या पोरांना जिताडा दाखवा, मिठागर दाखवा. आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं." मी निरुत्तर झालो. चूक आमचीच होती.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले व १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरीची साधने महाग. तेव्हा त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांतूनच साधने केली. मुले बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आधी मूल पाहिले, मग साधन केले.

आपल्या समाजाला हे नवे नाही. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या. ते स्वतः शिक्षक होते, समाजातलेच होते. आपल्या आजी-आजोबांना काय कळते आणि कुठे अडते, हे त्यांना ठाऊक होते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली शाळा काढली, तीही घरच्या गरजेतून.

म्हणून वर्धापनदिनाच्या निधीबाबत माझी एक सूचना आहे. या पैशांतून इथे पुस्तके विकत घेऊ नयेत. मे महिन्याच्या सुट्टीत चार-पाच गावच्या शिक्षकांना एकत्र बसवावे, त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे. धडे कोणते, शब्द कोणते, चित्रे कोणती, हे त्यांनी ठरवावे. आपण तेलाच्या घाण्याच्या, बैलगाडीच्या, पडावाच्या आठवणी सांगाव्यात. त्यांतले काय घ्यायचे ते त्यांनी निवडावे. आधी थोड्याच प्रती छापून वर्गात वापराव्यात, मुले जिथे अडतील तो मजकूर बदलावा आणि मगच बाकीच्या प्रती काढाव्यात. छपाई तिथल्याच छापखान्यात व्हावी आणि पुस्तकावर शिक्षकांची नावे असावीत.

यात वेळ जाईल, हे मी जाणतो. आपल्याकडे वेळ थोडा आहे, हेही जाणतो. आपली नातवंडे मराठी वाचत नाहीत. आपल्या आठवणीतले शब्द वाचणारी मुले आता तिकडेच आहेत. पुढची पेटी निघेल तेव्हा मी असेन वा नसेन. ती कपाटात बंद राहू नये, मुलांनी उघडावी, हाताळावी, फाटेपर्यंत वापरावी, एवढीच इच्छा आहे.