परदेशी विद्यार्थ्याचे पहिले १४ दिवस

परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद मौलाना आझादांनी १९५० साली दिल्लीत स्थापिली. पुढे मलावीचे राष्ट्राध्यक्ष झालेले बिंगू वा मुथारिका दिल्लीच्याच श्रीराम वाणिज्य महाविद्यालयात शिकले. परंतु प्रवेश दिला म्हणजे यजमानाचे कर्तव्य संपले, असे नव्हे.

१८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करावयाची असते. त्यासाठी पत्ता हवा. आणि घरमालकानेही २४ तासांच्या आत त्याच्या आगमनाची वर्दी द्यावयाची असते. कित्येक घरमालकांना हे ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांतले काही या खटाटोपाला भिऊन खोलीच नाकारतात. मग पत्त्यावाचून नोंदणी अडते आणि शिकावयास आलेला मुलगा कायद्याच्या दृष्टीने कसूरदार ठरतो.

नियम आवश्यकच आहेत. पण परक्या मुलखात ते एकट्याने पाळणे कठीण. म्हणून महाविद्यालयाने माहितीपत्रकावर भागवू नये. मुलगा येण्यापूर्वीच खोली ठरवावी, घरमालकास नियम समजावून द्यावा आणि पहिले पंधरा दिवस एखादा जाणता विद्यार्थी सोबतीस द्यावा. आल्यागेल्याची विचारपूस करणे ही आपली रीतच आहे. ती कागदपत्रांपर्यंत न्यावी, एवढेच माझे सांगणे आहे.