भ्रमणध्वनीचे मनोरे आणि भंडाऱ्याची भूमी
(सरपंच, शिक्षक व विकास अधिकारी यांच्यासमोर भंडारा येथे केलेले भाषण)



३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यामध्ये देशातील पहिले भ्रमणध्वनी-संभाषण झाले. आज एकाच मनोऱ्याला ७०० ते सुमारे ३,५०० मेगाहर्ट्झपर्यंतचे अनेक वारंवारता-पट्टे सांभाळावे लागतात. प्रत्येकासाठी स्वतंत्र अँटेना टांगावा, तर मनोऱ्यावरील भार आणि वादळातील वाऱ्याचा दाब वाढतो. म्हणून अनेक पट्टे एकाच उभ्या पेटीत बसविण्याची पद्धत रूढ झाली.

या पेटीत लहान लहान घटक एकावर एक मांडलेले असतात. एकटा घटक ऊर्जा विस्तृत पसरवितो. आठ-दहा घटक एका तालात चालले, की त्यांच्या लहरींचा अरुंद झोत तयार होतो. घटकांमधील अंतर तरंगलांबीवरून ठरते. ९०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. तेथे २५ सेंटिमीटर अंतर चालते. १,८०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे १७ सेंटिमीटरच असते. तिच्यासाठी तेच अंतर ठेवले, तर भलत्याच दिशांना प्रबळ झोत निघून ऊर्जा वाया जाते. म्हणून उच्च पट्ट्याच्या घटकांची ओळ निराळी व दाट असते. परंतु पेटी एकच असल्याने मोठ्या घटकांची छाया लहान घटकांवर पडते. मोठ्या घटकांच्या भुजांची रचना खंडित ठेवून त्या उच्च लहरींना जणू पारदर्शक करणे, हे या शास्त्रातील खरे कौशल्य होय.

प्रत्येक पट्ट्याचा झोत किती खाली झुकवावा, हेही स्वतंत्रपणे ठरविता येते. उच्च पट्टे पुष्कळ माहिती वाहतात, पण जवळच्या अंतरात. तुमसर किंवा साकोलीच्या बाजारपेठेत त्यांचा झोत खाली वळलेला असावा. खालचे पट्टे दूर जातात आणि झाडीतून कमी क्षीण होतात; कोका अभयारण्यालगतच्या गावांसाठी त्यांचा झोत अधिक आडवा असावा लागतो. सर्व पट्ट्यांना सरसकट एकच झुकाव दिला, तर टोकाचे गाव वंचित राहण्याचा धोका असतो.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. येथील पानझडी वने उन्हाळ्यात विरळ आणि पावसाळ्यात गर्द असतात. ओल्या पानांच्या दाट झाडीत लहरी अधिक शोषल्या जातात. मे महिन्यात घेतलेले मोजमाप ऑगस्टमध्ये लागू पडेलच असे नाही. आणि संपर्काची निकड तर पावसाळ्यातच अधिक. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहराला व नदीकाठच्या अनेक गावांना वेढले होते, हे आपण विसरलेलो नाही.

जुलै २०२२ मध्ये केंद्र शासनाने सेवेपासून वंचित २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. परंतु मनोरा उभा राहिला म्हणजे काम संपले, असे समजू नये. ग्रामपंचायतींनी शाळा, रास्त भाव दुकान, आरोग्य उपकेंद्र व नदीकाठच्या वस्त्या येथे उन्हाळ्यात एकदा व भर पावसाळ्यात एकदा संपर्काची नोंद घ्यावी. स्थळ, तारीख, वेळ आणि संपर्क कधी तुटला, एवढे लिहिले तरी पुरे. शिक्षकांनी या कामी विद्यार्थ्यांचे साहाय्य घ्यावे. अधिकाऱ्यांनी ती नोंद सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांपुढे मांडावी. झोत वळविण्याची सोय अँटेनातच आहे. तो कोणीकडे वळवावा, हे सांगणारी माहिती गावांतूनच यावयास हवी.